बटुमी : नागपूरची दिव्या जिथे ग्रँडमास्टर झाली

“जॉर्जिया? म्हणजे अमेरिकेतलं का गं?” दसऱ्याच्या सुट्टीत कुठे जाणार हे सांगितल्यावर मंडळातल्या निदान चार जणींनी मला हेच विचारलं. नाही, हे दुसरं. काळ्या समुद्राच्या काठावरचं, वर रशिया आणि खाली तुर्कस्तान व आर्मेनिया. अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या हैदराबाद शहराच्या निम्मीसुद्धा नाही. शारजामार्गे विमान मिळतं, तिकीट युरोपइतकं महाग नाही आणि तेलंगणातल्या शाळांना दसऱ्याला दोन आठवडे सुट्टी असते. एवढी कारणं नवऱ्याला पुरेशी होती. माझं आणि आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचं कारण वेगळं होतं. आम्हाला बटुमी बघायचं होतं, कारण २८ जुलै २०२५ रोजी दिव्या देशमुख तिथे महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच क्षणी ग्रँडमास्टरही झाली.

तो सोमवार होता. माझं माहेर नागपूरचं, सासर निजामाच्या काळापासून हैदराबादचं, आणि ऑफिसात माझ्या आजूबाजूला बहुतेक सगळे तेलुगू. अंतिम सामना कोनेरू हम्पी विरुद्ध दिव्या देशमुख. म्हणजे गुडिवाडा विरुद्ध नागपूर! शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, म्हणून सोमवारी जलद डावांचा टायब्रेक. आमच्या टीममधल्या एकाने दुसऱ्या स्क्रीनवर डाव लावून ठेवला होता आणि कोड रिव्ह्यूच्या नावाखाली पाच-सहा जण तिथे जमले होते. मी सोडून सगळे हम्पीच्या बाजूचे. त्यांना दोष तरी कसा देणार? हम्पी २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मसुद्धा झाला नव्हता. पुढची वीस-बावीस वर्षं भारतीय महिला बुद्धिबळ म्हणजे हम्पी, असंच समीकरण होतं. ती आई झाली, मधे खेळ थांबवला, परत आली, आणि २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची विश्वविजेती झाली. तिच्यासमोर एकोणीस वर्षांची, स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेली मुलगी.

पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डाव शेवटाकडे आला, घड्याळातली मिनिटं संपत आली आणि हम्पीकडून चुका झाल्या. दिव्याने तो डाव जिंकला. मग ती आईला मिठी मारून रडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. माझ्या शेजारचा सहकारी म्हणाला, “तुमची जिंकली, पण आमची हरली असं वाटत नाही.” मला त्याचं फार बरं वाटलं. दोन मिनिटांत नागपूरहून बाबांचा फोन आला : “जिंकली नं वं पोट्टी!” बाबांना घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे बुद्धिबळातलं काही कळत नाही.

आता ग्रँडमास्टर कसं होतात, हे थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या दिवसाची गंमत कळणार नाही. नेहमीच्या वाटेने किताब हवा असेल तर २५०० रेटिंग लागतं आणि तीन ‘नॉर्म’ लागतात. नॉर्म म्हणजे साधारण नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी, तीही अशा स्पर्धेत की जिथे पुरेसे प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर असतील आणि वेगवेगळ्या देशांचे असतील. ऐकायला सोपं वाटतं. पण परदेशी ग्रँडमास्टर भरपूर भेटतात ते युरोपात. मग भारतातलं पोर आईबरोबर किंवा बाबांबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहतं. विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रवेश फी, प्रशिक्षकाचे पैसे, आणि शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने नॉर्म हुकतो. शेकडो मुलं अशी फिरत असतात. दिव्याकडे बटुमीला जाण्याआधी एकही नॉर्म नव्हता. पण महिला विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो, असा नियम आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन वर्षांची अप्रेझलं वगळून सरळ बढती. तिने स्वतःही नंतर हे नशिबातच होतं असं म्हटलं, कारण एकही नॉर्म नसताना किताब हाती आला होता. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर, आणि महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशालीनंतर चौथी.

नशीब म्हणाली खरी, पण त्या तीन आठवड्यांत तिने कोणाकोणाला हरवलं ते बघा. दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, मग आपल्या तेलुगू मुलखातली हरिका, उपांत्य फेरीत माजी विश्वविजेती तान झोंगयी, शेवटी हम्पी. तानविरुद्धचा डाव तिने १०१ चालींत जिंकला. ज्याने कधी सहा तास खुर्चीत बसून एका गोष्टीवर विचार केला आहे, त्यालाच याचा अर्थ कळेल. (मी केला आहे, पण दर अर्ध्या तासाने चहा घेऊन.)

आम्ही आधी तिबिलिसीला उतरलो. तिथली जुनी गल्ली, गंधकाच्या पाण्याची न्हाणीघरं, डोंगरावरचा किल्ला हे सगळं प्रवास कंपन्यांच्या जाहिरातीत असतं, त्यामुळे ते सोडून देते. आम्ही गेलो बुद्धिबळ महालात. वेरा बागेत १९७३ साली बांधलेली ही इमारत बुद्धिबळासाठी आणि गिर्यारोहणासाठी अशी दोन्ही कामांसाठी उभारली होती, आणि तिला नोना गाप्रिंदाश्विलीचं नाव आहे. एका जिवंत खेळाडू बाईच्या नावाचा बुद्धिबळाचा महाल! मला आपल्याकडे असं काही आठवेना.

नोना १९४१ साली पश्चिम जॉर्जियातल्या झुगदिदीत जन्मली. १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षं ती महिला विश्वविजेती होती. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत पुरुष ग्रँडमास्टरांच्या बरोबरीने ती पहिली आली. तेव्हाच्या नियमाच्या सगळ्या अटी आकड्यांत भरत नव्हत्या, तरी ही कामगिरी बघून फिडेने १९७८ मध्ये तिला किताब दिला. ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. म्हणजे ही पहिली नेहमीच्या वाटेने आली नाही, आणि आपली दिव्याही नेहमीच्या वाटेने आली नाही. दोघींचा धागा या एवढ्याशा देशात जुळावा, याचं मला महालाच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या फार नवल वाटलं.

नोनाकडून विश्वविजेतेपद घेतलं तेही जॉर्जियाच्याच कुतैसी गावच्या माया चिबुर्दानिद्झेने, वयाच्या सतराव्या वर्षी, आणि ते तिने १९९१ पर्यंत टिकवलं. म्हणजे सलग एकोणतीस वर्षं जगज्जेतेपद एकाच छोट्या देशात. १९८२ च्या ऑलिंपियाडला सोव्हिएत संघाचा महिलांचा चमू गेला, त्यातल्या चारही जणी जॉर्जियन होत्या. लग्नात मुलीला रुस्तावेलीचं महाकाव्य आणि बुद्धिबळाचा पट द्यायची जुनी रीत इथे सांगतात. आपल्याकडे मुलीबरोबर काय काय पाठवायचे ते आठवून मी गप्प बसले.

महालात लहान मुलांचा वर्ग चालू होता. बाहेरच्या बाकावर एक आजीबाई नातवाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जॉर्जियन. लेकीने पिशवीतून गुंडाळीचा पट काढला. आजीबाईंनी चष्मा लावला, हसल्या, आणि म्हणाल्या, “चाद्राकी!” बुद्धिबळाचा हा तिथला शब्द. आपलं चतुरंग इराणात चतरंग झालं आणि तिथून इकडे आलं. मातीला तर ते शामाती म्हणतात. म्हणजे आपला शहामातच. लेकीला आजीबाईंनी वीस-बावीस चालींत हरवलं, मग पट मागे नेऊन तिचा उंट कुठे अडकला होता ते बोटाने दाखवलं. एक शब्द न बोलता दिलेली ती शिकवणी आमच्या ऑनलाइन वर्गाच्या तासापेक्षा लेकीला जास्त कळली असावी, कारण रात्री तिने तोच डाव मला पुन्हा मांडून दाखवला.

तिथेच तिने एक प्रश्न विचारला. इंग्रजीत जिला क्वीन म्हणतात तिला आपण वजीर का म्हणतो, मग तो मुलगा का? मी तिला सांगितलं की मूळ खेळात राजाचा प्रधानच होता, राणी युरोपात झाली. पण या देशात बाराव्या शतकात तामार नावाची राणी गादीवर बसली, तिला लोक ‘मेपे’ म्हणत, आणि मेपे म्हणजे राजा. लेकीला हे उत्तर फार आवडलं. तेव्हापासून ती वजिराला तामार म्हणते.

तिबिलिसी ते बटुमी दुमजली रेल्वे आहे, पाच-साडेपाच तास लागतात. वरच्या मजल्यावरची जागा मिळाली तर घ्या. पूर्वेकडचे पिवळे, कोरडे डोंगर बोगद्यांनंतर हिरवे होत जातात, मक्याची शेतं येतात, आणि शेवटच्या टप्प्यात गाडी थेट समुद्राला चिकटून धावते. उतरल्यावर पाऊस. बटुमी अतिशय पावसाचं गाव आहे आणि सप्टेंबर तर जोरात. छत्री उघडी ठेवून दमट हवेत चालताना कोकण आठवतं. समुद्रकिनाऱ्याला मात्र वाळू नाही, गोटे आहेत. पायात चप्पल हवीच.

स्टेशनहून गावात जाताना टॅक्सीतून घरांच्या परसात झाडं दिसली. गडद पानं, हिरवी गोल फळं. ड्रायव्हर म्हणाला, मंदारिनी. संत्री! हा अजारा प्रांत संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, ती नोव्हेंबरात पिकतात. मी लगेच फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर : “आपल्यावाणी गोड नसतील.” नागपूरकराकडून दुसरं काही अपेक्षित नव्हतं. पण संत्र्याच्या गावची मुलगी संत्र्याच्याच गावात जाऊन जिंकली, हे आम्हाला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

बटुमी गाव दोन तुकड्यांत आहे. एक जुनं, लाकडी गॅलऱ्यांचं, चौकांचं. दुसरं काचेच्या उंच इमारतींचं आणि कॅसिनोंचं, ते मला आवडलं नाही. मधे एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला, समुद्राला समांतर जाणारा लांबलचक बुलेव्हार. तिथे जॉर्जियन लिपीच्या ३३ अक्षरांचा मनोरा आहे. स्वतःच्या लिपीसाठी कोणी मनोरा उभारावा, हे परराज्यात राहून मुलांना मराठी लिहायला शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना चटकन भिडतं. शेजारी अली आणि निनोचे दोन धातूचे पुतळे, एकमेकांजवळ सरकतात, एकमेकांतून आरपार जातात आणि दूर होतात. संध्याकाळी गर्दी असते.

खाण्याचं सांगते, कारण विचारणार आहातच. अजारी खाचापुरी म्हणजे नावेच्या आकाराचा पाव, त्यात वितळलेलं चीज, वर कच्चं अंडं आणि लोण्याचा गोळा. कडा तोडून मधे घुसळून खायचं. एक नाव तिघांना पुरते. अंडं न खाणाऱ्यांनी लोबियो मागवावा, तो आपल्या राजम्याचा चुलतभाऊ. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून देतात, ते तर सासूबाईंनी घरी करूनही बघितलं.

विश्वचषकाचा हॉल बघायला गेलो तेव्हा तिथे काहीही नव्हतं. जुलैत जगभरातल्या १०७ जणी इथे खेळल्या होत्या. आता एका मोठ्या हॉटेलचा रिकामा हॉल, रचून ठेवलेल्या खुर्च्या, आणि कोणत्या तरी परिषदेचा फलक. लेक हिरमुसली. तिला वाटलं होतं की निदान तो पट तरी काचेच्या पेटीत ठेवला असेल. स्वागतकक्षातल्या मुलीने मात्र “इंडिया? दिव्या?” असं विचारून अंगठा वर केला, आणि तेवढ्यावर लेकीचं समाधान झालं. माझं म्हणाल, तर मला तो रिकामा हॉल आवडला.

तिथून परतताना बुलेव्हारवर नवऱ्याशी जो वाद झाला, तो खरं तर घरून बरोबर आणलेला होता. लेक दोन वर्षं बुद्धिबळ शिकते आहे. महिन्याला आठ हजार रुपये प्रशिक्षकाला जातात, महिन्यातले दोन रविवार स्पर्धांना. गेल्या वर्षी जिल्ह्याबाहेरच्या एका स्पर्धेसाठी शाळेने रजा नाकारली. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं : छंद म्हणून ठीक, पण यापुढे जायचं तर आपल्यापैकी एकाला नोकरी सोडावी लागेल, आणि शंभरातली एक दिव्या होते, उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी त्याला दिव्याची सुरुवात कशी झाली ते सांगितलं. आई-वडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटनला जायची. ही पाच वर्षांची, रॅकेट पेलेना, म्हणून तिला तिथल्याच बुद्धिबळाच्या वर्गात बसवलं. कोणीही काही ठरवलेलं नव्हतं. मग २०१४ मध्ये दरबानला दहा वर्षांखालची विश्वविजेती, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची, २०२३ मध्ये आशियाई विजेती, २०२४ मध्ये गांधीनगरला ज्युनियर विश्वविजेती, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये संघाचं आणि तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक अशी दोन सुवर्णपदकं. आणि या सगळ्यात आई बरोबर. नवरा म्हणाला, “तेच तर म्हणतोय मी.”

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची भीती जास्त वाटते. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर अठरा वर्षांच्या दिव्याने उघडपणे लिहिलं होतं की लोक तिच्या खेळाऐवजी तिचे कपडे, केस, उच्चार यांबद्दल बोलतात. ते वाचून मी लेकीकडे बघत बसले होते. हे नवीनही नाही. नोनाने पुरुषांशी कधी सामना केलाच नाही असं एका गाजलेल्या मालिकेत म्हटलं गेलं, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने दावा लावला. १९६८ पर्यंतच ती निदान ५९ पुरुषांशी खेळली होती असं त्यात मांडलं होतं. प्रकरण २०२२ मध्ये आपसात मिटलं. आपल्याकडे १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हाही गहजब झाला होता, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अडवता येणार नाही असा निर्वाळा दिला होता. हीच रोहिणी १९८१ मध्ये पहिली आशियाई महिला विजेती झाली, तीही आपल्या हैदराबादमध्ये! मंडळातल्या ज्येष्ठांपैकी कोणी ती स्पर्धा पाहिली असेल तर मला जरूर सांगा, मला ऐकायचं आहे.

वाद अर्धाच राहिला, कारण पाऊस आला आणि आम्ही एका टपरीच्या छताखाली पळालो. तिथे दोन म्हातारे पट मांडून बसले होते. लेक त्यांच्या मागे उभी राहिली आणि पाऊस थांबल्यावरही हलायला तयार होईना. नवरा छत्री धरून तिच्याजवळ उभा राहिला, तासभर.

परत आल्यावर नोव्हेंबरात गोव्यात खुला विश्वचषक झाला. २०६ खेळाडू, त्यात दिव्या एकटी मुलगी. ग्रीसच्या कुर्कुलोस-आर्दितिसने तिला पहिल्याच फेरीत दोन्ही डावांत हरवलं. ऑफिसातल्या मित्रांनी मला चिडवून घेतलं. गोव्याच्या बांधवांपैकी कोणी आरपोऱ्याला जाऊन हे डाव पाहिले असतील, त्यांचा मला हेवा वाटतो. लेकीने दोन्ही डाव पूर्ण बघितले, वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या डावात कोणत्या चालीवर काय चुकलं याची तिची अशी एक खूण केली. प्रशिक्षकाने ती खूण चूक ठरवली. तिला ते पटलेलं नाही.

डिसेंबरात नागपूरला आजोबांकडे जाणार आहोत. तिथे लहान मुलांची एक स्पर्धा आहे. फॉर्म नवऱ्याने भरला.